सातखणीचा श्वास

सोपान मिस्त्री,

तुम्ही गेलात त्या दिवशी मी शोरूम बंद ठेवलं नाही. तुमच्या मुलाचा, विलासचा फोन आला तेव्हा बाणेरचं एक जोडपं जेवणाच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत होतं. खुर्च्या सहा घ्याव्यात की आठ, यावरून त्यांची चांगलीच जुंपली होती. मी फोन ठेवला, त्यांना आठ घ्या म्हणून सांगितलं, त्यांच्यासाठी चहा मागवला आणि मग लोणीला यायला निघाले. बंद ठेवलं असतं तर तुम्हालाच आवडलं नसतं. माझे वडील गेले तेव्हा मी तीन दिवस कुलूप लावलं होतं, तर चौथ्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत की दादांनी तसं सांगून ठेवलं होतं का.

नंतर तुमच्या विलासने पेपरात चार ओळी द्यायचं काढलं आणि मजकूर माझ्यावर सोपवला. 'कुशल कारागीर' असं लिहिलं, ते बरोबर होतं. पुढे 'मनमिळाऊ स्वभावाचे' हे हाताखालून आपोआप आलं आणि मला हसू आलं. मनमिळाऊ तुम्ही कधीच नव्हतात. खोडलं. 'भरून न येणारी पोकळी' लिहायला घेतली, तीही खोडली. शेवटी नाव, गाव आणि दशक्रियेची वेळ एवढंच उरलं आणि तेवढंच छापून आलं. बाकीचं इथे लिहिते आहे. ते चार ओळींत बसणारं नव्हतं, आणि त्यातली एक गोष्ट तुम्ही असताना मला तुमच्याशी बोलता आली नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा लोणी काळभोरातला आपला कारखाना म्हणजे पत्र्याचा एक रिकामा गोठा होता. मी इंटिरियरचा कोर्स करून नुकतीच शहाणी झाले होते. खराडीत उंची फर्निचरचं शोरूम काढायचं ठरवलं होतं. तेव्हा खराडीत टॉवर कमी आणि खड्डे जास्त होते. आता दोन्ही भरपूर आहेत. मी तुमच्यापुढे एका खुर्चीचं ड्रॉइंग ठेवलं. तुम्ही ते उलटं धरलंत, सुलटं धरलंत आणि विचारलंत,

"ही बसायची हाय का बघायची?"

मी म्हणाले, दोन्ही.

"मग आदी बसायची करू. बघायचं मागनं बघू."

मी काढले होते त्यापेक्षा मागचे पाय बोटभर तिरपे गेले. त्या नमुन्याच्या खुर्च्या मग इतक्या विकल्या गेल्या की शोरूम त्यांच्या पायांवर उभं राहिलं म्हटलं तरी चालेल. कॅटलॉगमध्ये त्या खुर्चीखाली डिझायनर म्हणून माझं नाव आहे. ते तुम्ही कधी वाचलं नाहीत अशी माझी समजूत होती. आता वाटतं, वाचलं असणार आणि गप्प बसला असणार. का वाटतं ते पुढे येईल.

दर मंगळवारी तुम्ही शोरूमला यायचात, तयार झालेला माल तिथल्या उजेडात बघायला. लोक बूट घालून गालिच्यावरून चालायचे आणि तुम्ही दारात चपला काढायचात. पितळेच्या जडावाचं भिंतीलगतचं कन्सोल टेबल, शिसवी चौकटीचे आरसे, वेताने विणलेल्या पाठीच्या खुर्च्या, सगळं तुमच्या हाताखालून गेलेलं. पण तुम्ही बसायचात वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. आपण केलेल्या खुर्चीवर आपण बसलं की तिच्यातली चूक दिसायची बंद होते, असं तुमचं म्हणणं होतं. मी एकदा म्हणाले, मग गिऱ्हाईक बसतं ते आपल्या सोयीचंच आहे. तुम्ही हसला नाहीत.

आपला सगळ्यात जुना वाद पाटीचा. पुण्यात दुकान काढायचं आणि पाटी लावायची नाही हे बरं दिसत नाही, म्हणून मी दाराशी लावली होती: 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' तुम्ही मंगळवारी येता येता ती भिंतीकडे फिरवून ठेवायचात. बुधवारी मी ती सरळ करायची. हे कित्येक वर्षं चाललं आणि दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदाच तुम्ही कोथरूडच्या एका आजींना कन्सोलपाशी उभं करून शिकवलंत, की लाकूड तळव्याने बघू नका, बोटांच्या मागच्या बाजूने बघा. तळव्याला घट्टे पडतात, तो काहीही गोड मानून घेतो. मागची कातडी खोटं बोलत नाही. आजींनी पाटीसमोर उभं राहून पाच मिनिटं कन्सोलवर उलटा हात फिरवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, की ही पाटी नक्की कोणासाठी आहे.

तुम्ही गेल्यानंतरच्या बुधवारी मी सवयीने पाटी सरळ करायला गेले. ती सरळच होती. तेव्हा मात्र मला रडू आलं. पाटीपुढे उभी राहून रडणारी बाई बघून दारातून आत आलेलं गिऱ्हाईक तसंच बाहेर गेलं.

दुसरा वाद कारखान्याच्या माळ्याचा. मोठं काम झालं की त्याच्या लाकडाचे उरलेले तुकडे तुम्ही माळ्यावर टाकायचात, प्रत्येकावर खडूने कामाचं नाव घालून. मी त्याला भंगार म्हणायची. "कचरा न्हाई त्यो, औषध हाय," असं तुम्ही म्हणायचात. दोनदा मी तुम्हाला न सांगता माळा रिकामा करायला टेंपो पाठवला. दोन्ही वेळा टेंपो रिकामा परत आला आणि ड्रायव्हरने सांगितलं की मिस्त्रींनी चहा पाजला.

आता सातखणीबद्दल.

सात खणांचं ते उभं कपाट तुम्ही चार महिने करत होता. त्याचं सागवान निवडायला आपण दोघं टिंबर मार्केटला गेलो होतो, आणि तिथल्या शेठने तुम्ही सगळे ओंडके टिचक्या मारून बघितल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं होतं की हे घेणार आहेत की नुसते ओळख करून घेताहेत. कारखान्यात सगळे त्या कपाटाला सातखणी म्हणायला लागले. एका दुपारी तुमचा फोन आला, या म्हणालात. कशाला ते सांगितलं नाहीत. मी आले तर तुम्ही सगळ्यांना कामं थांबवून उभं केलं होतंत. तुम्ही वरचा खण हळूच आत ढकललात, आणि सगळ्यात खालचा खण, त्याला कोणी हात न लावता, दोन बोटं बाहेर आला.

सगळे खण इतके नेमके बसले होते की आतल्या हवेला जायला फटच नव्हती. एक खण आत गेला की ती दुसऱ्याला बाहेर ढकलायची. ओढूनताणून हे होत नाही, चाळीस वर्षांच्या कामात आपल्या हातून तिसऱ्यांदा झालं, असं तुम्ही सांगितलंत. मग तुम्ही खालचा ढकललात आणि वरचा बाहेर आला.

"श्वास घेती," तुम्ही म्हणालात.

तुम्ही त्या दिवशी आनंदात होतात. बावीस वर्षांत तुमचा असा चेहरा मी तेवढा एकदाच बघितला.

सातखणी खराडीतल्याच एका टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर गेली. नवरा-बायको दोघंही आयटीत, एक लहान मुलगा, घर नवं. तीन आठवड्यांनी त्यातल्या बायकोने, वयाने मुलगीच ती, मला व्हिडिओ पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

"मॅम, आय नो हे हँडमेड आहे, पण एक ड्रॉवर क्लोज केला की दुसरा आपोआप ओपन होतो. इट्स अ बिट क्रीपी. फिक्स होईल ना?"

मला सांगता आलं असतं. अहो, हा दोष नाही, यासाठीच तर तुम्ही ते घेतलंय, असं दोन मिनिटांत सांगून झालं असतं. मला सगळं माहीत होतं. पण दिवाळी आठवड्यावर आली होती, त्याच टॉवरमधली आणखी तीन घरं माझ्याकडून फर्निचर करून घेणार होती, आणि ती तिन्ही घरं या मुलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. मी म्हणाले, होईल.

तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी तुम्हाला पंधरा दिवस भुशापासून लांब राहायला सांगितलं होतं. तुम्ही घरी आहात हे तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

मी आपल्या फिटरला, गणेशला पाठवलं. सातखणीच्या मागच्या फळीला चार भोकं पाड म्हणून सांगितलं, म्हणजे हवा मागून निघून जाईल. गणेश तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्याने ड्रिल उचललं, पण त्याचे कान लाल झाले होते. मिस्त्रींना सांगू नकोस, असं मी त्याला दारात थांबवून सांगितलं. संध्याकाळी त्या मुलीचा मेसेज आला, पाच तारे आणि एक बदाम. खण आता शहाण्यासारखे वागत होते.

डोळा बरा झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी तुम्ही काळा चष्मा लावून शोरूमला आलात. चपला काढल्यात, पाटी फिरवलीत, स्टुलावर बसलात आणि विचारलंत,

"सातखणी काय म्हनती? श्वास घेती का?"

"घेते," मी म्हणाले.

तुम्ही चष्म्याआडून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, नवा डोळा अजून स्थिर व्हायचा असेल. मग बरं म्हणालात आणि आरसे बघायला गेलात.

त्यानंतर दर खंडेनवमीला तुम्ही तेच विचारायचात. कारखान्यात रंधे, पटाश्या, करवती पाटावर ओळीने मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिलेली, सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवून झालेला, आणि तुम्ही माझ्याजवळ येऊन सातखणीची चौकशी करायचात, सासरी गेलेल्या मुलीची करावी तशी. मी म्हणायची, घेते हो, मजेत आहे. पाच खंडेनवम्या झाल्या. प्रत्येक वेळी हडपसर मागे पडलं की मी गाडीत वाक्य जुळवायला लागायची. मिस्त्री, भोकं मी पाडायला लावली. एवढंच वाक्य होतं. कारखान्याच्या फाटकापर्यंत ते पाठ व्हायचं आणि पाटासमोर उभं राहिलं की जायचं.

तुम्ही काम सोडून जाल अशी भीती वाटायची, असं मी स्वतःला सांगत आले. तुम्ही गेला असतात तर शोरूमचं कठीणच होतं, त्यामुळे ते कारण दिसायला भारदस्त होतं. खरं कारण साधं होतं. तुमच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटायची. पन्नाशी उलटलेल्या, चार लोकांत नाव असलेल्या बाईला, जो माणूस आपल्याच दुकानात स्टुलावर बसतो त्याची एवढी भीती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला नसता.

तुमच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी त्या विसाव्या मजल्यावरच्या मुलीचा फोन आला. ते सगळे कॅनडाला चालले आहेत, सातखणी नेता येत नाही, कोणालातरी देऊन टाकायला जीव होत नाही, तर तुम्ही परत घ्याल का, असं विचारत होती. मी लगेच हो म्हणाले. पॉलिशला हात मारावा लागेल म्हणून टेंपो शोरूमला न आणता थेट लोणीला न्यायला सांगितला, आणि आधीच तिथे जाऊन बसले. माझ्या मनात एकच होतं. ती चार भोकं गणेशकडून बुजवून घ्यायची. उशीर तर झालाच होता, पण निदान तुमच्या कारखान्यात सातखणी ती भोकं घेऊन उभी राहायला नको.

गणेशने आणि आणखी दोघांनी मिळून सातखणी उतरवली. मी तिची पाठ उजेडाकडे करायला लावली. भोकं नव्हती.

मला वाटलं, बाजू चुकली. पण कपाटाला पाठ एकच असते. मग मी हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू फळीवरून फिरवली, तुम्ही कोथरूडच्या आजींना शिकवलं होतंत तशी. काहीच लागलं नाही. शेवटी खाली बसून तिरपं बघितलं तेव्हा दिसलं. चार आण्याच्या नाण्याएवढे चार गोल, लाकडातच लाकूड बसवलेलं, आणि फळीची प्रत्येक रेघ त्या गोलांतून न तुटता पुढे गेलेली.

मी माळ्यावर चढले. मला तिथे चढताना कारखान्यात कोणी कधी बघितलं नव्हतं, सगळे खालून बघत राहिले. तुकडा शोधायला वेळ लागला नाही. 'सातखणी, पाठ' असं खडूने लिहिलेलं होतं, तुमच्या त्या शाळा सुटलेल्या अक्षरात. तुकड्यातून चार गोल कापून घेतलेले होते.

तिथूनच त्या मुलीला फोन लावला.

"अहो, ते अंकल आले होते ना," ती म्हणाली. "तुम्हीच पाठवलं होतं ना त्यांना? तो फिटर येऊन गेला, त्याच वीकमध्ये. एका आयवर ग्रीन पट्टी होती त्यांच्या. मला इतकं ऑकवर्ड झालं."

मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही पिशवीत हत्यारं घेऊन आला होतात. लोणीहून हडपसर, हडपसरहून खराडी, दोन बस बदलून, एका डोळ्याने. अर्धा दिवस सातखणीच्या मागे जमिनीवर बसून होतात. पाणी सोडून काही घेतलं नाहीत. काम झाल्यावर तिच्या मुलाला जवळ बोलावलंत, त्याची छोटी गाडी खालच्या खणात ठेवलीत आणि त्याला वरचा ढकलायला सांगितलंत. गाडी बाहेर आली. पोराने त्या दिवशी तो खेळ किती वेळा केला याची गणती नाही, आणि पुढे घरी कोणीही पाहुणे आले की आधी त्यांना सातखणीपुढे उभं केलं जायचं. मी दोन मिनिटांत जे सांगू शकले असते आणि सांगितलं नाही, ते तुम्ही एका खेळण्यातल्या गाडीवर भागवलंत.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का. ती म्हणाली, मी त्यांना म्हटलं होतं की मॅमना थँक यू म्हणून फोन करते.

"तर ते म्हणाले, नको, ताईंना ठाऊक हाय."

गणेशला मी काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं असणार, बहुतेक त्याच संध्याकाळी तुमच्या घरी येऊन. मी माळ्यावरून उतरले तेव्हा तो कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एक स्वच्छ रंधा पुन्हा पुसत होता. त्याने केलं ते बरं केलं. त्याच्या जागी मी असते तर माझ्याने झालं नसतं, हे तर सिद्धच झालंय.

म्हणजे त्या पहिल्या मंगळवारी, काळा चष्मा लावून तुम्ही विचारलंत तेव्हा, तुम्हाला सगळं माहीत होतं. भोकं बुजवून झाली होती. सातखणी खरंच श्वास घेत होती. मी खोटं बोलत होते आणि ते तुम्ही आधीच खरं करून ठेवलं होतं. तुम्हाला सातखणीची खबर नको होती. मी काय सांगते ते ऐकायचं होतं. तो मंगळवार आणि पाच खंडेनवम्या, सहा वेळा तुम्ही मला दार उघडून दिलंत आणि सहाही वेळा मी बाहेरच उभी राहिले.

मला तुमचा रागही आला मिस्त्री. एकदा तोंड उघडून बोलला असतात तर काय बिघडलं असतं? शिव्या दिल्या असत्यात, हत्यारं आपटली असतीत, चार दिवस कामावर आला नसतात. मी तुमच्या दारात आले असते. पण तुम्ही लाकडाची चूक दुरुस्त केलीत आणि माणसाची माणसावर सोडलीत. हे मला मोठेपणाचं वाटत नाही. थोडं निर्दयच वाटतं. आणि तरी, तुमच्या जागी दुसऱ्या कोणी माझं झाकलं असतं तर एवढी वर्षं ते माझ्या पदरात टाकल्याशिवाय तो राहिला नसता, हेही मला कळतं. तुम्ही मंगळवारी येत राहिलात, पाटी फिरवत राहिलात. मी बुधवारी ती सरळ करत राहिले.

परवा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातले सगळे बाहेर गेले. मी तुमच्या जागेवर, रंध्याच्या टेबलाशेजारी, प्लॅस्टिकचं एक स्टूल ओढून सातखणीसमोर बसले. वरचा खण आत ढकलला. खालचा दोन बोटं बाहेर आला. मग कोणी नाही असं बघून, हडपसरपासून जुळवायची ते वाक्य मोठ्याने म्हणाले.

"मिस्त्री, भोकं मी पाडायला लावली."

एवढ्याशा वाक्याला पाच वर्षं लागली. म्हणून झाल्यावर कारखान्यात काहीच झालं नाही. बाहेर सोलापूर रस्त्यावरून ट्रक जात होते. मी उठायचं म्हणून खालचा खण आत सारला.

वरचा बाहेर आला.